तीन नंबरचा बावटा आणि दोन केबीचं यंत्र

पहाटे साडेचारला मावसभावाचा फोन आला. "मीटर चालू आसा, एरेटरची मोटर बरी आसा, मगे कोळंबी वर कित्याक इली?"

देवगड तालुक्यात खाडीकाठी त्याची कोळंबीची दोन तळी आहेत. कोळंबी तळ सोडून पाण्याच्या वरच्या थरात, काठाशी गोळा व्हायला लागली की समजायचं, खाली ऑक्सिजन उरलेला नाही. त्याने हाताने स्विच टाकून एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं, फिरवले. तोवर एका तळ्यातला बराच माल गेला होता.

तळ्यातला ऑक्सिजन दिवसभरात वरखाली होतो. उन्हात पाण्यातलं हिरवं प्लवक ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच प्लवक, कोळंबी आणि तळाचा गाळ, सगळे मिळून तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असला तर चिंता नाही, ३ च्या खाली गेला की कोळंबीला ताण. म्हणूनच तळ्यात ऑक्सिजन मोजणारा मीटर बसवला होता आणि मोटारीच्या खोलीत दुसऱ्या कंपनीची नियंत्रण पेटी. मीटरचा आकडा ४ च्या खाली आला की पेटीने एरेटर सुरू करायचे. दोघांना जोडण्याचं काम मी केलं होतं.

उजाडल्यावर मी नोंदी उघडल्या. मीटरने पहाटे ३.१ मोजलं होतं. पेटीपर्यंत पोचलेला आकडा होता ३१. मीटर आपला आकडा दहाने गुणून, पूर्णांक करून पाठवत होता. मॉडबस नावाच्या, यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या १९७९ सालच्या जुन्या आणि अजूनही जोरात असलेल्या पद्धतीत हे सर्रास चालतं, कारण तिच्या मूळ रकान्यात पूर्णांकच बसतो, दशांश चिन्हाला जागा नाही. दहाने भागायची सूचना माहितीपत्रकाच्या एका तळटीपेत होती. पेटीने ३१ वाचलं, ४ पेक्षा ते खूप जास्त आहे हे पाहिलं आणि एरेटर बंद ठेवले. तार शाबूत होती, रेडिओ चालू होता, एकही संदेश हरवला नव्हता. फक्त अर्थ वाटेत गळला होता.

त्या सकाळपासून मी यंत्रांना एकमेकांशी जोडण्याच्या या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघतो. बागेत, तळ्यावर, बोटीवर, घरात आता छोटी छोटी यंत्रं आली आहेत: जमिनीचा ओलावा मोजणारं, हवेतला दमटपणा मोजणारं, पंप चालू-बंद करणारं. प्रत्येक यंत्र वेगळ्या घरचं, वेगळ्या बोलीचं. वेगवेगळ्या घरच्या यंत्रांनी एकमेकांचं ऐकून, समजून काम करणं म्हणजे इंटरऑपरेबिलिटी. आणि ती साधण्यासाठी यंत्रं आणि त्यांचा उपयोग करणारे प्रोग्रॅम यांच्या मध्ये जो सॉफ्टवेअरचा थर बसतो, तो मिडलवेअर. दुभाष्या म्हटलं तरी चालेल, पण हा दुभाष्या निरोप पोचवतो, जपून ठेवतो, कोण हजर आहे आणि कोण गप्प झालंय हेही सांगतो.

कॉम्प्युटरच्या जगात असे दुभाषे चाळीस-पन्नास वर्षं आहेत. मग तेच आणून तळ्यावर का बसवत नाही? कारण ते मावत नाहीत.

मी तळ्यावर वापरलेल्या आर्डुइनो उनो बोर्डावरच्या चिपमध्ये कामापुरती स्मृती आहे २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट्स. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट्स लागतात, काना-मात्रा वेगळी धरून. म्हणजे या लेखातले जेमतेम शंभर शब्द ठेवले की ती चिप भरली. त्यातच तिला मीटर वाचायचा आहे, रेडिओ चालवायचा आहे, हिशेब करायचा आहे. प्रोग्रॅम ठेवायला जागा ३२ किलोबाइट. मोबाइलवरचा एखादा साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१४ मध्ये आरएफसी ७२२८ या कागदात अशा यंत्रांच्या तीन इयत्ता लावून दिल्या. शून्य इयत्तेत १० किलोबाइटपेक्षा खूपच कमी स्मृती. पहिलीत सुमारे १० किलोबाइट स्मृती आणि १०० किलोबाइट प्रोग्रॅमची जागा. दुसरीत सुमारे ५० आणि २५०. माझा बोर्ड शून्य इयत्तेतला. अशा यंत्राने इंटरनेटशी थेट बोलू नये, मध्ये कुणाला तरी घ्यावं, असंच तो कागद सांगतो.

स्मृतीपेक्षाही मोठी अडचण विजेची. चिप झोपलेली असताना नगण्य वीज खाते, रेडिओ उघडला की बॅटरी उतरायला लागते. उन्हाळ्यात कातळावर सौर पाटी मस्त चालते. जून ते सप्टेंबर, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा एकेक बाइट मोजून पाठवावा लागतो. पाठवायचे बाइट्स कमी, तर रेडिओ उघडा राहण्याचा वेळ कमी आणि बॅटरीचं आयुष्य जास्त. या विषयात 'हलकं' हा शब्द येतो तो या अर्थाने.

शिवाय रस्ताच अरुंद आहे. छोट्या यंत्रांसाठी बनवलेल्या ८०२.१५.४ या रेडिओ पद्धतीत एका खेपेला जास्तीत जास्त १२७ बाइट्स जातात. त्यातून रेडिओचा स्वतःचा पत्ता आणि सुरक्षेची कुलूपकिल्ली वजा केली की वाईट परिस्थितीत ८१ उरतात. इंटरनेटच्या आयपीव्ही-६ या पत्ते लिहायच्या पद्धतीचा नुसता पत्त्याचा कागद ४० बाइट्सचा, वर यूडीपी या निरोप पोचवायच्या पद्धतीचे ८. हाती राहिले ३३. म्हणून २००७ मध्ये सिक्सलोपॅन नावाची युक्ती आली: पत्त्यातला जो भाग दोन्ही टोकांना आधीच माहीत आहे तो पाठवायचाच नाही. आमच्याकडे अंतर जास्त, मध्ये डोंगर, म्हणून मी लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरतो. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय मोकळा आहे. लोरावर चालणाऱ्या लोरावॅन पद्धतीत सगळ्यात लांब पल्ल्याला एका संदेशात ५१ बाइट्स मावतात, आणि तो छोटा संदेशही हवेतून जायला सेकंदाहून जास्त वेळ घेतो.

आता प्रश्न असा की इतक्या थोडक्या जागेत अर्थ कसा बसवायचा?

याचं उत्तर आपल्या बंदरांवर पूर्वीपासून टांगलेलं आहे. "बंदराक तीन नंबरचो बावटो लागलो" म्हटलं की तांडेल होडी वर ओढायच्या तयारीला लागतो. हवामान खात्याच्या बंदर इशाऱ्यांच्या पद्धतीत १ ते ११ क्रमांकाच्या खुणा आहेत. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. १ नंबर म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. ३ नंबर म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका बंदराला आहे. पुढच्या नंबरांमध्ये वादळ बंदराच्या कुठल्या अंगाने जाणार हेही येतं. दुरून दिसणारी एवढीशी खूण, पण तिच्यामागे अख्खा परिच्छेद. तो परिच्छेद काठीवर टांगलेला नसतो. तो बंदर कार्यालयाच्या वहीत आणि तांडेलच्या डोक्यात असतो.

हलक्या मिडलवेअरचं सगळं शहाणपण मला यात दिसतं: संदेश छोटा ठेवायचा आणि करार मोठा. करार एकदाच करायचा, जिथे जागा आहे तिथे ठेवायचा, आणि हवेतून फक्त नंबर पाठवायचा. मात्र करार लेखी हवा आणि दोन्ही बाजूंकडे तोच हवा. माझ्या तळ्यावर मीटरकडे एक करार होता, पेटीकडे दुसरा, आणि दोघांना भेट घडवून देणाऱ्याकडे लेखी काहीच नव्हतं.

आकड्यांतच बघू. वेबवर माहिती पाठवायची रूढ पद्धत जेसन. तिच्यात इंग्रजीतून "टेंपरेचर २८.४, ह्युमिडिटी ८६" एवढंच लिहायचं तर कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम धरून ३४ बाइट्स होतात. माणसाला ते वाचता येतं हा फायदा, पण तळ्यावर ते वाचायला माणूस नाही. सीबॉर नावाची पद्धत हीच रचना यंत्राच्या सोयीने लिहिते. तिचं प्रमाण २०१३ मध्ये आलं आणि २०२० मध्ये सुधारून निघालं. करारात लिहायचं की १ म्हणजे तापमान, अंशाच्या दहाव्या भागात, आणि २ म्हणजे आर्द्रता, टक्क्यांत. मग संदेश होतो: दोन नोंदी आहेत, १ ला २८४, २ ला ८६. एकूण ८ बाइट्स. मी हा संदेश कागदावर एकेक बाइट मांडून मोजला आहे. ज्याला हा विषय शिकायचाय त्याने एकदा तरी असं हाताने मांडून बघावं. बाइट कुठे खर्च होतो ते डोळ्यांना दिसतं.

मात्र १ आणि २ चे अर्थ मी माझ्यापुरते ठरवले तर उद्या शेजाऱ्याच्या यंत्रात १ म्हणजे भलतंच काही निघेल. म्हणून सामायिक करार लागतात. सेनएमएल हे मोजमापांसाठीचं २०१८ चं प्रमाण असंच आहे. त्याच्या सीबॉर रूपात ० म्हणजे मोजमापाचं नाव, १ म्हणजे एकक, २ म्हणजे किंमत. आणि एकाच यंत्राची दहा मोजमापं असतील तर समान भाग एकदाच वर लिहायची सोय आहे. आपण किराण्याच्या यादीत 'वरीलप्रमाणे' म्हणून दोन टिंबं देतो ना, तसं.

लिफाफ्यात काय लिहायचं ते झालं. आता लिफाफा पोचवायचा कसा? यात दोन घराणी ठळक आहेत.

पहिलं एमक्यूटीटी. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते बनवलं, तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी. उपग्रहाचा रस्ता महाग आणि अरुंद, त्यामुळे काटकसर त्याच्या हाडातच आहे: संदेशाचं ठरावीक डोकं, म्हणजे मजकुराआधी येणारा भाग, कमीत कमी २ बाइट्सचं. त्याची रचना आंबा बागायतदाराला लगेच कळेल. बागायतदार पेट्या भरून वाशीच्या फळबाजारात दलालाकडे पाठवतो. शेवटी त्या कोण घेणार हे त्याला माहीत नसतं, आणि घेणाऱ्यालाही झाड कुणाचं ते ठाऊक असायची गरज नसते. दोघांची गाठ दलालाशी. एमक्यूटीटीतल्या मधल्या प्रोग्रॅमचं नावच ब्रोकर आहे. मीटर म्हणतो, "तळं एक, ऑक्सिजन, हा आकडा" आणि मोकळा होतो. ज्यांनी "तळं एकच्या ऑक्सिजनची खबर मला दे" असं ब्रोकरला सांगून ठेवलंय, त्या सगळ्यांना ती जाते: एरेटरच्या पेटीला, मावसभावाच्या मोबाइलला, नोंदवहीला. उद्या चौथा ग्राहक आला तर मीटरला हातही लावावा लागत नाही.

मिडलवेअरचं मोल इथे कळतं. सहा तऱ्हेची यंत्रं प्रत्येकी प्रत्येकाशी थेट जोडायची तर पंधरा जोड करावे लागतात. मध्ये एक ब्रोकर आणि एक सामायिक बोली ठेवली तर सहा. दहा तऱ्हा झाल्या की पंचेचाळीस विरुद्ध दहा.

एमक्यूटीटीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 'लास्ट विल', अखेरची इच्छा. यंत्र जोडलं जातानाच ब्रोकरकडे एक चिठ्ठी ठेवतं: मी निरोप न घेता अचानक गायब झालो तर हे सगळ्यांना सांग. यंत्राकडून ठरलेल्या वेळेत काहीच आलं नाही की ब्रोकर ती चिठ्ठी वाटतो. बंदराच्या खुणांतला ११ नंबर याच जातीचा आहे. तो सांगतो की चक्रीवादळ इशारा केंद्राशी असलेला संपर्क तुटलाय, आणि इथल्या अधिकाऱ्याला हवा बिघडेल असं वाटतंय. बातमी येत नाही, हीच बातमी. तळ्यावर याची किंमत फार आहे. गप्प बसलेला मीटर आणि सगळं ठीक असलेला मीटर बाहेरून सारखेच दिसतात. आता आमच्याकडे मीटर गप्प झाला की पेटी वाट बघत नाही, एरेटर सुरू करते. वीज थोडी जास्त जळेल, पण कोळंबी जगेल.

एमक्यूटीटीची अडचण अशी की त्याला टीसीपीची, म्हणजे दोन टोकांना बांधून ठेवणाऱ्या पद्धतीची, जोडणी सतत धरून ठेवावी लागते आणि 'तळं एक, ऑक्सिजन' असं विषयाचं नाव सहसा दर संदेशात लिहावं लागतं. सदैव झोपणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. त्यासाठी एमक्यूटीटी-एसएन हा धाकटा भाऊ आहे, जो लांबलचक नावाऐवजी २ बाइट्सचा क्रमांक पाठवतो. पुन्हा बावट्याचीच युक्ती.

दुसरं घराणं कोॲप, आयईटीएफचं २०१४ चं प्रमाण. वेबवर जशी मागणी आणि उत्तर चालतं तसंच, पण डोकं फक्त ४ बाइट्सचं आणि जोडणी धरून न ठेवणाऱ्या यूडीपीवर. वेबचीच क्रियापदं: दे, नवं घे, बदल, काढून टाक. त्यामुळे कोॲपचं वेबच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाष्या लिहिणं सोपं जातं. महत्त्वाचा संदेश असेल तर पोच मागता येते. पोच आली नाही तर दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा पाठवतो, मग दुप्पट थांबून, मग त्याच्या दुप्पट, असं चार वेळा. एकच बाजू ऐकत नसेल तर ओरडून रस्ता अडवायचा नाही, हा त्यामागचा शहाणपणा. २०१५ पासून त्यात 'लक्ष ठेव' अशी सोयही आली: एकदा विचारून ठेवायचं आणि आकडा बदलला की यंत्राने स्वतः कळवायचं. घरगुती दिवे-कुलपांसाठी २०२२ मध्ये आलेलं मॅटर हेही सामायिक बोलीचंच मोठं पाऊल आहे, पण खाडीकाठच्या तळ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

इथवर जे सांगितलं ते सगळं माझ्या तळ्यावर बिनचूक चाललं असतं, आणि कोळंबी तरीही मेली असती. कारण ३१ हा आकडा एमक्यूटीटीने नेला असता काय किंवा कोॲपने, तो ३१ च राहिला असता.

आंब्याच्या धंद्यात कुणी "शंभर पेट्या पाठवल्या" म्हणालं तर जाणता माणूस लगेच विचारतो, "कितीची पेटी?" फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन बसतात, लहान असेल तर सहा, आठ डझनही. पेटी हे एकक नाही, डझन सांगितल्याशिवाय ते अर्धंच वाक्य. यंत्रांच्या जगात हा "कितीची पेटी?" विचारायला कुणी नसतं. एमक्यूटीटी जन्मलं त्याच १९९९ साली मंगळाजवळ पोचलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटन-सेकंदांत समजून घेत होतं. तिथेही संदेश हरवला नव्हता.

म्हणून मिडलवेअरचा वरचा थर, अर्थाचा थर, मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि बाजारात यंत्रं विकताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. डब्यावर 'वायफाय आहे, ॲप आहे' असं मोठ्या अक्षरात असतं. आकड्याचं एकक आणि गुणक मात्र शोधावे लागतात.

या थरासाठी चांगली कामं झालेली आहेत. लाइटवेट एम-टू-एम या पद्धतीत वस्तूंना ठरलेले क्रमांक आहेत. ३३०३ म्हणजे तापमान, ३३०४ आर्द्रता, ३३२५ एखाद्या घटकाचं प्रमाण, ३३२६ आम्लता. त्यांच्या पोटात ५७०० म्हणजे मोजलेली किंमत आणि ५७०१ म्हणजे तिचं एकक. कुठल्याही कंपनीचा तापमापक असो, ३३०३ च्या ५७०० मध्ये बघायचं. बंदराचा बावटा रत्नागिरीत आणि मालवणात एकच अर्थ सांगतो, तसं हे.

दुसरं काम वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीचं: थिंग डिस्क्रिप्शन, २०२० मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेलं. यात यंत्राने बदलायचंच नाही. जुनं मॉडबसवालं असो की स्वतः जुळवलेलं, प्रत्येक यंत्राची एक कुंडली लिहायची. हे यंत्र काय मोजतं, एकक कोणतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतं, त्याला काय आज्ञा देता येतात, ते स्वतःहून काय कळवतं, आणि कुठल्या पत्त्यावर कुठल्या बोलीत विचारायचं. ही कुंडली यंत्राच्या पोटात ठेवायची सक्ती नाही. २ किलोबाइटच्या चिपला तिचं ओझं नको. ती शेजारच्या मोठ्या यंत्रावर ठेवली तरी चालते, बंदर कार्यालयातल्या वहीसारखी.

कुंडलीतल्या त्या 'जास्तीत जास्त किती' या ओळीवर मी थोडा थांबतो. २८ अंशाच्या निमखाऱ्या पाण्यात ऑक्सिजन सहज विरघळून राहतो तो लिटरला ७ मिलिग्रॅमच्या आसपास. दुपारच्या उन्हात प्लवक जोरात असेल तर त्याहून चढतो, पण ३१ कधीच नाही. कुंडलीत ० ते २० अशी मर्यादा लिहिलेली असती, तर पहिल्याच संदेशाला मधल्या थराने तो आकडा अडवला असता आणि दिवसाढवळ्या, मी तिथे उभा असतानाच, चूक सापडली असती. एका ओळीचं काम होतं.

मग भाषांतर करायचं कुठे? यंत्रात, मध्ये, की दूरच्या सर्व्हरवर? छोट्या यंत्रात जागा नाही. दूरच्या सर्व्हरवर जागा अमाप, पण तिथपर्यंतचा रस्ता कोकणात भरवशाचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही नव्हते. एरेटर सुरू करायचा निर्णय हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरने घ्यायचा असेल तर अशा दिवशी तो कुणीच घेणार नाही. म्हणून दुभाष्या तळ्याच्या जवळच हवा, गेटवेमध्ये, म्हणजे तळ्यावरची यंत्रं आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधल्या यंत्रात. आमचा गेटवे म्हणजे मोटारीच्या खोलीतलं एक रास्पबेरी पाय, हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, इन्व्हर्टरवर. त्यात मॉस्किटो नावाचा मोफत, खुला ब्रोकर आहे, यंत्रांच्या कुंडल्या आहेत आणि प्रत्येक बोलीसाठी एकेक छोटा अनुवादक. इंटरनेट असेल तेव्हा तो नोंदी बाहेर पाठवतो, नसेल तेव्हा साठवतो. एरेटरचं काम त्यावाचून अडत नाही. ज्याच्या हातात थोडं मोठं यंत्र आहे त्याने कंटिकी किंवा रायट यांसारख्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिम बघाव्यात, त्यांत सिक्सलोपॅन आणि कोॲप तयारच मिळतात.

गेटवेत भाषांतर करण्याला एक किंमत मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. दुभाष्याला पत्र उघडावंच लागतं. कोॲपसाठी २०१९ मध्ये ऑस्कोर नावाची सुरक्षा आली. तिच्यात मधला टपालवाला पत्र पुढे नेऊ शकतो पण आतला मजकूर वाचू शकत नाही. सुंदर रचना आहे. पण आतला ३१ वाचून त्याचा ३.१ करायचा असेल तर लिफाफा बंद ठेवून कसं चालेल? एक तर दोन्ही टोकांना एकच बोली शिकवा, म्हणजे मध्ये कुणी लागणार नाही, किंवा दुभाष्यावर विश्वास टाका आणि त्या खोलीला नीट कुलूप लावा. जुनी यंत्रं वापरात आहेत तोवर दुसरा मार्ग घ्यावाच लागतो. आम्ही तो जाणूनबुजून घेतलाय. गेटवेचा पासवर्ड बदलला, बाहेरून आत येणारे रस्ते बंद केले, आणि एरेटर बंद करण्याची आज्ञा बाहेरून स्वीकारायचीच नाही असं ठरवलं. सुरू करण्याची मात्र चालते.

तळ्यावर बाकी जे बदललं ते थोडंच आहे. मीटर तोच, पेटी तीच, चिपही तीच. चिप आता एका संदेशात पाच आकडे पाठवते: कराराची आवृत्ती, तळ्याचा क्रमांक, ऑक्सिजन, पाण्याचं तापमान, बॅटरी. सीबॉरमध्ये दहा-बारा बाइट्स. कराराची आवृत्ती हा आकडा मी मुद्दाम घातला. पुढे कधी करार बदलला आणि एखाद्या यंत्रात जुनाच राहिला, तर गेटवेला ते पहिल्या आकड्यावरच कळेल. कराराचा कागद छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय, मराठीत. मी नसताना कुणाला पेटी उघडावी लागली तर त्यालाही "कितीची पेटी?" याचं उत्तर मिळालं पाहिजे.

डिसेंबरात मावसभावाच्या शेजाऱ्याने कलमांच्या बागेत हवामान यंत्र बसवलं, तिसऱ्याच कंपनीचं. मोहोर आला की दमट हवेत भुरी पडते, म्हणून त्याला रात्रीच्या आर्द्रतेवर लक्ष ठेवायचं होतं, आणि आमच्या गेटवेची रेंज त्याच्या बागेपर्यंत पोचत होती. यंत्राला हात लावला नाही. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही तिघे ओटीवर बसलो, माहितीपत्रक पहिल्या पानापासून तळटिपांसकट वाचलं आणि कुंडली लिहिली. आर्द्रता, टक्क्यांत, गुणक एक, ० ते १००. तापमान, अंश सेल्सियस, गुणक शंभर. तिथे मावसभावाने बोट ठेवलं. "ह्यात शंभरान भागूचा आसा," तो म्हणाला, आणि मी ते लिहीपर्यंत त्याने बोट उचललं नाही.